काईनचे तोंड उतरले तेव्हा



काईन आणि हाबेल यांची गोष्ट आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. थोरला शेतकरी, धाकटा मेंढपाळ. दोघांनी परमेश्वराला अर्पण आणले. धाकट्याचे स्वीकारले गेले, थोरल्याचे नाही. आणि थोरल्याने धाकट्याला शेतात नेऊन मारून टाकले. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हे सारे अवघ्या सोळा वचनांत येते. मत्सर वाईट, एवढा बोध घेऊन आपण पुढे जातो. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हे घडत असताना या दोघांचे वडील कोठे होते? आदामाचे नाव अध्यायाच्या आरंभी येते आणि नंतर थेट तिसऱ्या मुलाच्या, सेथच्या जन्माच्या वेळी. मधल्या साऱ्या प्रकरणात आदाम नाही.

हा प्रश्न आमच्या मनात एका कादंबरीमुळे आला. अमेरिकन लेखक जॉन स्टाईनबेक यांची ‘ईस्ट ऑफ ईडन’ ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. (पुढे १९६२ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.) नाव बायबलमधूनच घेतलेले आहे. खून केल्यावर काईन परमेश्वरासमोरून निघाला आणि एदेनच्या पूर्वेस जाऊन राहिला, असे उत्पत्ती ४:१६ मध्ये आहे. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात, लेखकाच्या स्वतःच्या जन्मभूमीत, ही दोन घराण्यांची कथा घडते. त्यांपैकी ट्रास्क घराण्याकडे आपण विशेष पाहू, कारण तेथे काईन आणि हाबेल यांची गोष्ट एकदा नव्हे, दोनदा घडते.

पहिली पिढी सायरस ट्रास्कची. हा युद्धात पाय गमावलेला माणूस. लढाईचा अनुभव थोडा, पण थापा मोठ्या. त्या थापांच्या बळावर तो पुढे मोठा अधिकारी बनतो. त्याला दोन मुलगे, अ‍ॅडम आणि सावत्र भाऊ चार्ल्स. वडिलांच्या वाढदिवसाला चार्ल्स कष्टाच्या पैशातून एक उत्तम चाकू आणतो. अ‍ॅडम रानात सापडलेले कुत्र्याचे पिल्लू आणून देतो. वडील पिल्लाला जीव लावतात, चाकू मात्र कधी वापरतही नाहीत. चार्ल्स हे विसरत नाही. एका रात्री तो अ‍ॅडमला मरेस्तोवर मारतो, आणि एवढ्यावर न थांबता कुऱ्हाड घेऊन परत येतो. अ‍ॅडम खड्ड्यात लपून वाचतो. गंमत अशी, की वडिलांवर खरे प्रेम होते ते चार्ल्सचे. अ‍ॅडमचे नव्हतेच.

आता हा अ‍ॅडम मोठा होऊन बाप होतो. त्याला वाटायला हवे होते, की आपल्या वडिलांनी जे उजवे-डावे केले ते आपण करणार नाही. पण तसे होत नाही. बायको त्याच्यावर गोळी झाडून, जुळ्या मुलांना टाकून निघून जाते, आणि अ‍ॅडम जागेपणी झोपल्यासारखा होतो. वर्षाहून अधिक काळ त्या पोरांना नावेसुद्धा नसतात. चिनी नोकर ली त्यांना वाढवतो. शेवटी शेजारचा म्हातारा सॅम्युएल हॅमिल्टन येऊन अ‍ॅडमला अक्षरशः ठोसा मारून जागा करतो, आणि मग तिघे जण बायबल उघडून मुलांची नावे ठरवायला बसतात. चौथा अध्यायही वाचून होतो. काईन-हाबेल ही नावे अर्थातच नकोत. शेवटी कॅलेब आणि अ‍ॅरन ही नावे पक्की होतात. इजिप्तमधून निघालेल्यांपैकी कालेब वचनदत्त देशात पोहोचला, अहरोन पोहोचला नाही, हे तेथेच बोलले जाते. पुढे काय होणार त्याची ती चाहूल.

या प्रसंगावर आम्ही बराच काळ थांबलो. पालकांची चूक म्हटली, की आपल्यासमोर मारझोड करणारा, दारू पिणारा बाप येतो. अ‍ॅडम तसा नाही. तो सज्जन आहे, कोणाला फसवत नाही, मुलांवर हातही उगारत नाही. तो फक्त घरात असून नसतो. दुःखात बुडालेला माणूस मुलांच्या वाट्याला येत नाही, हे आपल्या कुटुंबांतही घडते. अशा बापावर मुलाला रागावताही येत नाही. तो चांगला आहे असे सगळे गाव म्हणत असते!

अ‍ॅडमची दुसरी चूक म्हणजे खोटे बोलणे. आई मेली, असे तो मुलांना सांगतो. ती त्याच गावात वेश्यागृह चालवत असते. आणि तिसरी चूक पसंतीची. अ‍ॅरन देखणा, सोज्ज्वळ, धर्मोपदेशक होण्याची स्वप्ने पाहणारा. कॅलेब, ज्याला सगळे कॅल म्हणतात, तो काळवंडलेला, रात्री एकटा भटकणारा. बापाला अ‍ॅरन हवासा वाटतो. पण नीट वाचले तर कळते, की त्याला अ‍ॅरनही ठाऊक नाही. त्याने आपल्या मनातली एक मूर्ती अ‍ॅरनवर बसवली आहे. लाडक्या मुलाचेही यात नुकसानच होते. दोडक्या मुलाला निदान खरे जग पाहायची सवय लागते, लाडक्याला तीही लागत नाही.

आता कादंबरीचा कळस. अ‍ॅडमने बर्फात घालून लेट्यूसची भाजी आगगाडीने पूर्वेकडे पाठवण्याच्या व्यापारात पैसा घातलेला असतो. गाडी रखडते, माल कुजतो, पैसा बुडतो. कॅल ठरवतो, की बापाचा तोटा आपण भरून द्यायचा. पहिल्या महायुद्धाचा काळ. घेवड्याच्या व्यापारात तो १५,००० डॉलर मिळवतो आणि १९१७ च्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सगळे जेवणाच्या टेबलाशी असताना, ते पुडके बापापुढे ठेवतो. बाप ते नाकारतो. सैन्यभरतीच्या मंडळावर बसून तो पोरांना युद्धावर पाठवत असतो. युद्धाचा नफा त्याला नको. ज्या शेतकऱ्यांकडून घेतलास त्यांना परत कर, असे तो सांगतो. इथपर्यंतही एक वेळ ठीक होते. पण तो आणखी म्हणतो, की तुझ्या भावाने मला जो अभिमान दिला तसे काही तू दिले असतेस तर बरे झाले असते.

या नकारामागे तत्त्व आहे, हे मान्य. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेला कोणीही अ‍ॅडमच्या बाजूने दोन मुद्दे मांडील. पण ज्या अ‍ॅडमला मुलाचा पैसा अशुद्ध वाटतो, तो स्वतः बापाने मागे ठेवलेल्या पैशावर जगत आला आहे. सायरसने मागे ठेवलेले लाखाहून अधिक डॉलर कोठून आले, हे उघड बोलण्यासारखे नव्हते. मुलांच्या बाबतीत आपली तत्त्वे अशीच अचानक कडक होतात.

कॅल नोटा जाळून टाकतो. पण त्याआधी, त्याच रात्री, तो अ‍ॅरनला आईच्या त्या घरी घेऊन जातो. अ‍ॅरन सत्य पाहून मोडतो, सैन्यात भरती होतो आणि फ्रान्समध्ये मारला जातो. तार येते तेव्हा बापाला अर्धांगाचा झटका येतो.

आता पुन्हा उत्पत्तीकडे वळू. परमेश्वरानेही काईनचे अर्पण नाकारले, मग त्याच्यात आणि अ‍ॅडममध्ये फरक काय? हा प्रश्न आम्हांला प्रामाणिक वाटतो, आणि त्याचे उत्तर सहाव्या व सातव्या वचनात आहे. काईनचे तोंड उतरले आणि परमेश्वराने ते पाहिले. खून होण्यापूर्वी तो काईनकडे गेला आणि का रागावलास, असे त्याने विचारले. हाबेलशी परमेश्वर बोलल्याचे त्या अध्यायात कोठेही नाही. तो ज्याला नाकारले त्याच्याशी बोलतो. त्या सणाच्या रात्री अ‍ॅडम मात्र कॅलच्या मागे गेला नाही. मुलाचे उतरलेले तोंड त्याने पाहिले असते तर?

सातव्या वचनात बायबलमध्ये ‘पाप’ हा शब्द पहिल्यांदा येतो. पाप दाराशी टपून आहे, असे परमेश्वर काईनला सांगतो, आणि त्यावर सत्ता चालवण्याविषयी बोलतो. कादंबरीतला ली या एका क्रियापदासाठी सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वृद्ध विद्वानांना सोबत घेऊन हिब्रू शिकतो. दोन वर्षे. कोणी ते वचन आज्ञा म्हणून भाषांतरित करते, कोणी भविष्य म्हणून. ली म्हणतो, ही मुभा आहे: तुला ते करता येईल. कादंबरीत तो शब्द ‘तिमशेल’ असा आहे. हिब्रूत खरा उच्चार ‘तिमशोल’ असा होतो. व्याकरणाच्या दृष्टीने ते रूप एकापेक्षा अधिक अर्थ पेलू शकते, म्हणून लीवर हसण्याचे कारण नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये हेच निराळ्या शब्दांत शिकवले: आदामाच्या पापाने मानवाची इच्छाशक्ती दुबळी झाली, नष्ट झाली नाही. फक्त, हे स्वातंत्र्य कृपेवाचून एकटे पुरे पडते असे परिषद म्हणत नाही, आणि येथे स्टाईनबेक आणि आपली वाट थोडी वेगळी होते. तरी त्यांच्या कथेतही कॅलला एकट्याने सावरता येत नाही. ली त्याला मृत्युशय्येवरील बापाजवळ नेतो आणि बापाकडे आशीर्वाद मागतो. बापाला जेमतेम एक शब्द उच्चारता येतो, आणि तो हाच शब्द असतो.

पूर्वीच्या एका धर्मग्रामात आम्हांला एका वृद्धाला रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी बोलावले होते. अंथरुणाशी मधला मुलगा होता. बारा वर्षे बापाचे सारे त्यानेच केले होते. म्हातारा आमचा हात धरून पुन्हा पुन्हा विचारत होता, “फादर, माझा धाकटा केव्हा येणार?” धाकटा आखातात होता. मधला हातात पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला, काही बोलला नाही. संस्कार झाल्यावर आम्ही म्हाताऱ्याला म्हणालो, “याला काहीतरी सांगा.” त्याने मान वळवून मुलाकडे पाहिले आणि “तू जेवलास का?” असे विचारले. मुलगा पेला खाली ठेवून बाहेर ओसरीवर गेला आणि रडला. आम्ही बाहेर त्याच्याशेजारी थोडा वेळ बसलो. काय बोलावे ते आम्हांलाही सुचले नाही.

त्या दिवसापासून संत लूकच्या शुभवर्तमानातील पंधरावा अध्याय आम्ही वेगळ्या रीतीने वाचतो. आपण त्याला उधळ्या पुत्राचा दाखला म्हणतो, पण त्यात बाप दोनदा घराबाहेर येतो. एकदा धाकट्यासाठी धावत, आणि एकदा आत न येणाऱ्या थोरल्याची समजूत घालण्यासाठी. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रेषितीय बोधपत्रात भावंडांच्या नात्याविषयी लिहिले आहे. पालकांनी ते परिच्छेद (१९४ आणि १९५) अवश्य वाचावेत. ते अगदी छोटे आहेत.

कादंबरी मोठी आहे आणि तिच्यात वेश्यागृहाचे व हिंसेचे प्रसंग आहेत, तेव्हा ती शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये. तिच्यावरचा १९५५ चा चित्रपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण त्यात कथेचा शेवटचा भागच आहे आणि ली तर नाहीच, म्हणून तो पाहून कादंबरी कळली असे समजू नये. इंग्रजी प्रत आमच्याकडे आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर मागून न्यावी, मात्र महिन्याभरात परत करावी. आधीची प्रत कोणाकडे तरी राहिली आहे.