शेतातील बिनतारी जाळे : आखणी आणि कसोटी

उसास पाणी केव्हा द्यावे, याचा निर्णय शेतकरी आजवर मूठभर माती हातात दाबून, वाफसा पाहून घेत आला आहे. ही रीत चुकीची नाही. परंतु ऊस डोक्यावर गेला की मधल्या सरीपर्यंत पोहोचणे कठीण होते, आणि बांधाकडेची माती पाहून मधल्या मातीचा अंदाज बांधला जातो. बांधाकडची जमीन वाऱ्याने लवकर सुकते. तीवरून पाण्याची पाळी ठरविली, तर मधल्या भागात पाणी साचून मुळे कुजण्याचा संभव असतो. अशा वेळी जमिनीत पुरलेले ओलाव्याचे संवेदक उपयोगी पडतात. मात्र संवेदकाने घेतलेले माप विहिरीवरील खोलीत किंवा शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर पोहोचले पाहिजे. शेतभर तारा पसरल्यास नांगर, उंदीर व रानडुकरे त्या टिकू देत नाहीत. म्हणून हे काम बिनतारी यंत्रांकडून करून घेतात.

संवेदकास जोडलेल्या अशा यंत्रास येथे ‘ठाणे’ म्हटले आहे. लांबचे ठाणे आपला संदेश जवळच्या ठाण्यास देते, ते पुढच्यास देते, व शेवटी तो विहिरीवरील मुख्य ठाण्यात येतो. विहिरीच्या खोदकामावर मातीची घमेली हातोहात वर येतात, तसाच हा प्रकार आहे. एक गडी बाजूस झाला तर शेजारचा हात पुढे करतो, त्याचप्रमाणे एक ठाणे बंद पडल्यास संदेशाने दुसरी वाट शोधावी, यासाठीच जाळे असते. ज्याचे वावर एक-दोन एकरांचे आहे व विहीर समोर दिसते, त्याने जाळ्याच्या नादी लागू नये. तेथे प्रत्येक ठाण्याने सरळ विहिरीशी बोलावे. त्यात खर्च कमी व बिघाडही कमी.

जाळे बसविले म्हणजे काम झाले, या समजुतीने काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण नेदरलंड्स देशातील आहे. तेथील डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या हंगामात बटाट्याच्या एका शेतात सुमारे शंभर ठाणी बसविली. बटाट्यावरील उशिरा येणारा करपा पानांभोवतीच्या दमट हवेत वाढतो; ती हवा जागोजागी मोजून फवारणी नेमक्या वेळी करावी, हा हेतू होता. जाळे सुमारे तीन आठवडे चालले, आणि अपेक्षित मापांपैकी अवघी २ टक्के हाती आली. कारणे एकाहून एक साधी होती. यंत्रांना द्यावयाच्या आज्ञावलीची नीट न तपासलेली आवृत्ती ऐन वेळी ठाण्यांत भरली गेली. ठाणी इतकी दाट होती की, आपले शेजारी कोण याची नोंद ठेवण्यास त्यांच्या स्मृतीत जागा पुरली नाही. बरीचशी ठाणी दर काही तासांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहिली. मुख्य ठाण्याच्या सौर विजेचा हिशेब फार काटेकोर धरला होता, त्यामुळे तेही मधूनमधून गप्प बसे. संशोधकांनी आपल्या चुका २००६ साली मोकळेपणाने प्रसिद्ध केल्या, हे त्यांचे उपकारच मानावयास हवेत; यशाच्या पुष्कळ अहवालांपेक्षा हा एक अहवाल शेतात अधिक कामास येतो.

आखणी

आखणी करताना पीक लागणीच्या दिवशी जसे दिसते तसे न धरता, पूर्ण वाढीच्या वेळी जसे असेल तसे धरावे. पानांत पाणी असते व ते बिनतारी लाटा शोषून घेते. लागणीनंतर उघड्या रानात चाचणी घेतली तर कोणतेही यंत्र उत्तम चालते. तेच यंत्र पाच-सहा महिन्यांनी, पाण्याची सर्वांत अधिक काळजी घ्यावयाच्या वेळी, मुके होते.

दोन अँटेनांमधील सरळ रेषा मोकळी असली म्हणजे पुरे, असेही नाही. लाटेस त्या रेषेभोवती ढोलकीसारखी, मधे फुगीर, अशी मोकळी जागा लागते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला व २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. या पट्ट्यात दोन ठाण्यांमध्ये २०० मीटर अंतर असेल, तर ढोलकीची मधली त्रिज्या सुमारे ४.२ मीटर भरते. तिच्यापैकी ६० टक्के, म्हणजे अडीच मीटर तरी, पिकाच्या शेंड्यावर मोकळी असावी. ऊस तीन मीटर वाढणार असेल तर खांब साडेपाच मीटरचा लागेल. अंतर १०० मीटरवर आणल्यास १.८ मीटर पुरते, व पाच मीटरच्या खांबावर काम भागते. अमेरिकेसाठी बनविलेली ९१५ मेगाहर्ट्झची यंत्रे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. ती या सवलतीत बसत नाहीत.

समजा, २०० मीटर लांब व तितकेच रुंद, म्हणजे चार हेक्टरांचे रान आहे आणि विहीर एका कोपऱ्यात आहे. रानाचे चार समान चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर एक ठाणे उभारले, तर शेजारच्या दोन ठाण्यांत १०० मीटर अंतर राहते व पहिले ठाणे विहिरीपासून सुमारे ७१ मीटरवर येते. कागदावर ही मांडणी सुबक दिसते. पण शंभर मीटरचीच मर्यादा पाळली, तर सगळे संदेश त्या पहिल्या ठाण्यातूनच जातात. ते बंद पडले की चारही चौकोन मुके. म्हणून विहिरीपासून निघणाऱ्या एका बांधाच्या मध्यावर, १०० मीटरवर, संवेदक नसलेले एक जादा ठाणे उभारावे. आता पहिले ठाणे बंद झाले तरी उरलेल्या तिघांचे संदेश या नव्या ठाण्याकडून विहिरीवर पोहोचतात. कोणतेही एक ठाणे मनाने पुसून टाकावे आणि बाकीच्यांना वाट उरते का ते पाहावे. हा विचार पेन्सिल-कागदावर होतो, त्यास पैसा लागत नाही. संवेदक मात्र जमिनीचा पोत पाहून पुरावा. एखाद्या चौकोनात मुरमाड पट्टा असेल, तर भूमितीसाठी तो टाळू नये.

बॅटरीचा हिशेब असाच सोपा आहे. २४०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर २० मिलिअँपिअर घेणारे ठाणे सतत जागे ठेवले तर पाच दिवसांत बॅटरी संपते. तेच शंभर सेकंदांत एक सेकंद जागे राहिले, तर कागदावर सव्वा वर्षाहून थोडे अधिक चालावे. परंतु विहिरीजवळच्या ठाण्यास स्वतःच्या संदेशाखेरीज इतरांचे ओझेही वाहावे लागते, सबब ते आधी थकते. त्यास सौर पट्टी द्यावी, आणि तिचा आकार मे महिन्याच्या उन्हावरून न ठरविता आषाढ-श्रावणातील आभाळावरून ठरवावा.

कसोटी

प्रथम सर्व ठाणी एका खोलीत मांडून आठवडाभर चालवावीत. आज्ञावलीतील चुका येथेच सापडतात. कसोटीस उतरलेल्या आवृत्तीत शेतात जाण्याच्या आदल्या दिवशी फेरबदल करू नये.

शेतात उभारणी झाल्यावर प्रत्येक संदेशास अनुक्रमांक द्यावा. दर पंधरा मिनिटांस एक संदेश धरला तर एका ठाण्याचे दिवसाचे ९६ व चार संवेदकांचे ३८४ संदेश होतात. यांपैकी २८८ आले, म्हणजे ७५ टक्के यश, असे म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. कदाचित तीन ठाणी पुरी चालत असतील आणि चौथे, सर्वांत लांबचे, दिवसभर गप्प असेल. म्हणून मोजणी ठाणेवार करावी व सर्वांत लांबलेली शांतता किती तासांची होती, तेही लिहावे.

प्रत्येक टप्प्यावर शंभरांत ९० संदेश पोहोचत असतील, तर तीन टप्प्यांनंतर फक्त ७३ उरतात. न पोहोचलेला संदेश आणखी दोनदा पाठविण्याची सोय असल्यास हाच आकडा ९९ च्या वर जातो. मात्र ही सोय क्षणिक अडथळ्यासाठी आहे. मधे उसाची भिंत उभी असेल तर तीनदा काय, तीस वेळा पाठवूनही उपयोग नाही. तेथे खांबच उंच करावा लागतो.

मग एके दिवशी पहिले ठाणे मुद्दाम बंद करावे, व इतरांचे संदेश किती वेळाने दुसऱ्या वाटेने येऊ लागतात ते घड्याळ लावून पाहावे. हे करावयास मालकाचे मन धजत नाही, पण ज्या जाळ्याची ही परीक्षा झाली नाही त्यास जाळे म्हणता येत नाही. परीक्षा पहाटे दव असताना, भर दुपारी, मोठ्या बांधणीनंतर व ऊस पूर्ण वाढल्यावर अशी पुन्हा पुन्हा घ्यावी. मोजणाऱ्याने अँटेनेजवळ उभे राहू नये. माणसाचे शरीरही लाट अडविते. मुख्य ठाण्याची अँटेना पत्र्याच्या खोलीबाहेर असावी. विजेच्या खांबावर ती कदापि बांधू नये. त्यात जिवास धोका आहे.

संदेश वेळेवर आला म्हणून माप बरोबर आहे, असे होत नाही. काळ्या भारी जमिनीस भेगा पडल्या की संवेदक मातीपासून सुटून पोकळीत लोंबतो आणि ओली जमीन कोरडी दाखवितो. यासाठी संवेदकाशेजारची माती काढून वजन करावी, १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करावे व दोन्ही मापे ताडून पाहावीत. जवळ प्रयोगशाळा नसल्यास निदान हाताने वाफसा पाहावा.

ठाणे गप्प असताना पडद्यावर शेवटचे जुने माप तसेच दिसत राहते, व ते आजचे समजून पाळी चुकविली जाते. मापाशेजारी त्याची वेळ दिसेल, अशी व्यवस्था विक्रेत्याकडून करून घ्यावी. सहा तासांहून जुने माप असल्यास पंप आपोआप सुरू किंवा बंद होऊ देऊ नये. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास सोबत घेऊन सरीत जावे व माती हातात घेऊन पाहावी.