दारू सोडणाऱ्यांची मीटिंग : कुठं भरते, कशी शोधायची?



मागच्या महिन्यात आपल्यातली एक ताई संस्थेत मासळीच्या हिशेबाला आली. म्हणाली, "पैसे ह्यांच्या हातात देऊ नका." सभासद तिचा नवरा, सही त्याची लागते, आमचा नाइलाज होता. मग तिनं विचारलं, "दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते म्हणतात. ती कुठं भरते तेवढं तरी सांगा." आम्हांला सांगता आलं नाही. जाळ्याचा भाव पाठ, कटला-रोहूच्या बीजाचा भाव पाठ, पण हे माहीत नाही. लाज वाटली. म्हणून चौकशी केली, ती आज सगळ्यांसमोर ठेवतो.

ही मीटिंग म्हणजे काय?

१९३५ साली अमेरिकेत बिल नावाचा एक माणूस कामासाठी ॲक्रन गावी गेला होता. काम फिसकटलं. दारू सोडून काही महिनेच झाले होते, आणि हॉटेलात बसल्या जागी पुन्हा प्यावंसं वाटू लागलं. त्यानं गुत्ता शोधला नाही, फोन करकरून आपल्यासारखाच दारूत बुडालेला दुसरा माणूस शोधला. तो निघाला डॉ. बॉब. दोघं तासन् तास बोलत बसले. १० जून १९३५ ला डॉ. बॉबनं शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. भारतात हे काम १९५७ पासून आहे.

मीटिंगला फी नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. आडनाव, जात, गाव कुणी विचारत नाही. तिथं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. भाषण कुणी देत नाही, ज्यानं भोगलं तोच बोलतो. आपल्याला हे नवं नाही. बसवकल्याणच्या अनुभव मंटपात बाराव्या शतकात नाव वल्हवणारा अंबिगर चौडय्याही आपला अनुभव बोलायला बसत होता.

शोधायची कशी?

१) १४४४६ ला फोन करा. ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत. गाव-तालुका सांगा, जवळचं केंद्र विचारा.

२) मन फार खचलं असेल तर १४४१६, टेली-मानस. रात्रीसुद्धा चालू असते.

३) बीदरचं सरकारी मेडिकल कॉलेज, तिथला मानसोपचार विभाग. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात 'मनोचैतन्य' कार्यक्रमात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येण्याची पद्धत आहे. निघण्याआधी विचारून घ्या, फेरी वाया नको.

४) धर्मस्थळच्या जनजागृती वेदिकेची मद्यवर्जन शिबिरं कर्नाटकात गावोगावी होतात. शिबिर संपल्यावर 'नवजीवन समिती' असते, म्हणजे सोडलेल्यांनी एकत्र बसायचं. आपला सोबती गटच तो.

५) मराठीत बोलायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ ला सुरू केलं. तिथं बायकांसाठी 'सहचरी' गटही आहे. ए.ए.च्या मराठी मीटिंगा मोबाइलवरही भरतात.

फोनवर तीनच गोष्टी विचारा : वार आणि वेळ कोणती, भाषा मराठी का कन्नड, आणि घरचं माणूस सोबत आलं तर चालेल का. काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांच्या असतात, काही सगळ्यांना खुल्या.

एक धोका लक्षात ठेवा

रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात, डॉक्टरला न विचारता बंद करू नये. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास होतात, माणूस बडबडतो. याला भूतबाधा समजून अंगारा लावत बसू नका, जीव जातो. १०८ बोलवा. आधी डॉक्टर, मग मीटिंग, हा क्रम बरा.

होडीमालकांना दोन शब्द

रात्री जाळं टाकायला जाणाऱ्याला "थंडी आहे, घे थोडी" म्हणून क्वार्टर देणं बंद करा. दारूनं थंडी जात नाही, ऊब आल्यासारखी वाटते आणि अंगातली उष्णता उलट निघून जाते. तलावात तोल गेला तर पट्टीचा पोहणाराही हातपाय मारू शकत नाही. नशेत झालेला अपघात बहुतेक अपघात विम्यांत बसत नाही. माणूस जातो आणि मागं घरच्यांना पैसाही मिळत नाही. मजुरी रोख द्या, शक्य तर खात्यावर.

जवळ मीटिंग नसेल तर?

दोघं पुरे. ए.ए.च्या रीतीप्रमाणं दारू सोडू पाहणारे दोघं बसले की गट झाला. संस्थेची खोली बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामी असते. किल्ली देऊ, चहा देऊ, आम्ही बाहेर थांबू. वहीत नाव लिहिणार नाही.

त्या ताईला आम्ही हे सगळं सांगितलं. गेल्या मंगळवारी दोघं दवाखान्यात जाऊन आले. गोळ्या सुरू आहेत. पुढं काय होईल ते आज सांगता येत नाही. एकदा घसरला तरी पुन्हा जायचं, एवढं ठरलंय.

ज्याला विचारायचंय त्यानं इथं सर्वांसमोर लिहू नये. संस्थेत या, किंवा सरळ १४४४६ लावा.

– सचिव, आपली मच्छीमार सहकारी संस्था, राजेश्वर