वाचता येते, पण अर्थ लागतो का?

वडसा परिसरातील नववी-दहावीच्या मुलाला धडा वाचायला सांगावे, तो धडाधड वाचून दाखवतो. 'यात काय सांगितले?' असे विचारले की मान खाली जाते. परीक्षेत त्याचे निभते, कारण प्रश्नातले दोन शब्द ज्या ओळीत सापडतील ती ओळ तो जशीच्या तशी उतरवतो. दोष मुलाचा फारसा नाही. गाईडने आणि आपल्या प्रश्नांनीच ही सवय लावली. शिवाय घरी झाडीबोली, कुठे गोंडी, आणि पुस्तकात प्रमाण मराठी.

शब्दाचा अर्थ किती मोलाचा असतो, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दात बांबूही धरला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूला गौण वनोपजात घातले आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनात राहणाऱ्यांना दिला. वस्तू एक, व्याख्या दोन. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटात बसून चर्चा करण्याची रीत आधीपासूनच होती. गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे यायला एप्रिल २०११ उजाडला. मधल्या वादाच्या मुळाशी 'बांबू कशात मोडतो' हाच प्रश्न होता. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने जुन्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

वरचा परिच्छेदच वर्गात घेऊन पाहावा. पहिल्या वाचनाला पेन खाली. मग पुस्तक मिटून मुलाने आपल्या बोलीत सांगावे. शब्द चुकला तरी चालेल, गोष्ट चुकू नये. दुसऱ्या वाचनात 'मात्र', 'तरी', 'म्हणून' यांच्याखाली रेघ मारावी, कारण अर्थ बहुधा तेथेच वळण घेतो. कठीण शब्दाचा आधी मागच्या-पुढच्या वाक्यावरून अंदाज करू द्यावा, कोश नंतर. 'बांबूचा समावेश कशात केला?' याचे उत्तर उतरवून काढता येते. 'बांबूची गाडी अडवली तर गावकऱ्याने कोणता कायदा दाखवावा, आणि अडवणारा कोणता दाखवेल?' हे उतरवता येत नाही.

वडसा हे तर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे गाव. कोण, कोणाला, कशासाठी बोलतो हे कळल्याशिवाय नटाच्या तोंडी संवाद बसत नाही. मुलांनी धड्यालाही हेच तीन प्रश्न विचारावेत. (नाटकाला रात्रभर जागणारी मुले हे चटकन उचलतात!)

जेथे अभ्यासिका आहे तेथे आठवड्यातला एक तास यासाठी ठेवता येईल. पाठ्यपुस्तकच हवे असे नाही. वीजबिल चालेल, बसचे वेळापत्रक चालेल, शिष्यवृत्तीची सूचना तर फारच उत्तम. त्या सूचनेत दोन दाखल्यांच्या मध्ये 'व' आहे की 'किंवा', एवढे प्रथम शोधायला लावावे. 'व' असताना एकच दाखला जोडला तर अर्ज अपुरा ठरतो.