आधी मजला फिर, मग पोर्ट बंद कर

कोपरखैरणे, नवी मुंबई

चि. चिमीस,


महापेच्या ऑफिसातले स्विच आता तुझ्याकडे आले आणि पहिलंच काम डॉट-वन-एक्सचं, म्हणजे पोर्टवर मशीनची ओळख तपासण्याचं, मिळालं, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. शनिवारी रात्री एका दमात सगळ्या पोर्टवर ते चालू करावं, असं तुझ्या साहेबांचं म्हणणं आहे म्हणे. त्याला नम्रपणे नकार दे.

कमांड थोड्याच आहेत, त्या तुला येतात. मशीनने ओळख सांगायची, स्विचने ती रेडियस सर्व्हरकडे पोचवायची, सर्व्हर हो म्हणाला की पोर्ट उघडायचा. २००१ पासून हे मानक आहे. खरी अडचण वायरच्या दुसऱ्या टोकाला असते. तिथे काय लागलंय हे ऑफिसात कुणालाच धड ठाऊक नसतं. पॅच पॅनलवर लेबल ‘कॉन्फरन्स’चं आणि वायर गेलेली पॅन्ट्रीजवळच्या पंचिंग मशीनला, हे तुला दिसेलच. म्हणून वही घेऊन मजला फिर, टेबलांखाली वाक. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पाच पोर्टचा एखादा छोटा स्विच सापडला, तर तिथे नवी लाईन ओढून घे. असे बरेच स्विच ओळखीची फ्रेम पुढे जाऊच देत नाहीत. आणि ती अडचण टाळायला मल्टी-होस्ट मोड लावू नकोस. त्यात एकाची ओळख पटली की त्याच्यामागचे सगळे फुकट आत येतात. फोनच्या मागे पीसी असेल तिथे दोघांची ओळख वेगळी विचारणारा मल्टी-डोमेन मोड ठेव.

यादी झाली की ओपन मोड लाव. कुणाला अडवायचं नाही, फक्त कोण पास आणि कोण नापास ते लॉगमध्ये बघायचं. त्यात एक महिनाअखेर येऊ दे. अकाउंट्सचा कोपऱ्यातला प्रिंटर आणि ऑडिटरचे लॅपटॉप तेव्हाच जागे होतात. विंडोजच्या मशीनवर ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सर्व्हिस आपोआप सुरू होत नाही, ती ग्रुप पॉलिसीतून चालू कर. नाहीतर चांगली मशीनही नापास दिसतील.

प्रिंटर, कॅमेरे, पंचिंग मशीन यांना बहुधा मॅक पत्त्यावरच, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावरच, आत घ्यावं लागेल. इथे वेळेकडे लक्ष दे. सिस्को कॅटलिस्टवर मूळ सेटिंगमध्ये स्विच ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा ओळख विचारतो आणि मग मॅककडे वळतो. म्हणजे दीड मिनिट गेलं. तोवर प्रिंटर डीएचसीपीकडे पत्ता मागून थकतो, १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतो आणि फोन तुला येतो. ती वेळ कमी कर, पण अगदी एका सेकंदावर आणू नकोस, हळू सुरू होणारा पीसीही मॅकच्या रांगेत जाईल. शिवाय मॅक पत्ता प्रिंटरच्या पाठीवर स्टिकरवर छापलेला असतो. तो कुणीही आपल्या लॅपटॉपला लावू शकतो. म्हणून या यंत्रांचा व्हीलॅन, म्हणजे जाळ्यातला कप्पा, वेगळा, आणि तिथून फक्त गरजेपुरताच रस्ता.

साहेबांना एक गोष्ट स्पष्ट सांग. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ हे मालवेअर युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि मायर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून आपल्या न्हावा शेव्याच्या जीटीआय टर्मिनलपर्यंत पोचलं. कुठला कंटेनर कुणाचा, हे सिस्टिमला सांगता येईना. मायर्स्कला पुढे चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने उभे करावे लागले. ते डॉट-वन-एक्सने अडलं नसतं, कारण ज्या मशीनवरून ते पसरलं ती घरचीच होती. पण ओळख पटताना सर्व्हर कुणाला कुठल्या व्हीलॅनमध्ये घालायचं हेही ठरवतो. त्या व्हीलॅनच्या मधे नियम कडक ठेवलेस, तर पसरणारी गोष्ट निदान एका खोलीत अडकते. मला विचारशील तर या कामाचा मोठा फायदा हाच आहे.

आणि रेडियस सर्व्हरच बंद पडला तर? दोन सर्व्हर ठेव, दोन्ही एकाच यूपीएसवर नकोत, आणि दोन्ही गेले तर पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये जाईल ते आधीच लिहून ठेव. मग एखाद्या दुपारी सर्वांना सांगून सर्व्हरची केबल स्वतः काढून बघ. अपलिंकवर डॉट-वन-एक्स कधीच लावू नकोस. स्विचच्या लॉगिनला लोकल युजर ठेव. लांबून काम करताना आधी दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होईल असा रीलोड लाव; सगळं नीट चाललं तर तो रद्द कर, मगच सेव्ह कर. सर्टिफिकेट कधी संपतात त्या तारखा कॅलेंडरवर टाक. सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, रेडियसचेही त्यात धर.

एक मजला झाला की यादी मला पाठव, दोघं मिळून बघू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा