भिंतीलगतचे मेज

मेज म्हणजे चार पाय आणि वर एक फळी. त्यात विचार तो काय करावयाचा, असे कोणालाही वाटेल. परंतु सुताराच्या हाती जुन्या सागवानाची एकच फळी असली आणि तिच्या जोडीची दुसरी मिळण्यासारखी नसली, म्हणजे करवत लावण्यापूर्वीच्या विचारालाच सर्वांत अधिक वेळ लागतो.

पुण्यातील एक जुना वाडा पाडला गेला, तेव्हा तेथे राहणाऱ्या कुटुंबाने दरवाजाची एक फळी आणि चौकटीचे काही तुकडे आठवण म्हणून जपून ठेवले. नव्या घराच्या बोळात आजीचा आरसा टांगलेला होता. त्या आरशाखाली भिंतीला लागून उभे राहील असे अरुंद मेज या लाकडाचे करावे, असे ठरले. काम एका वृद्ध सुताराकडे आले. सुट्टीमुळे त्याचा पुतण्याही हाताशी होता.

अशा मेजाला 'कन्सोल' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. भिंतीतून पुढे येऊन वरचा भार तोलणारा जो तोडा असतो, तो या शब्दाचा मूळ अर्थ. सतराव्या शतकात फ्रान्समधील राजवाड्यांतून अशी मेजे आरशाखाली मांडीत. त्यांची मागची बाजू भिंतीतच बसविलेली असे, म्हणून पुष्कळांना पाय पुढच्याच बाजूला असत. वर संगमरवराची लादी. पुढे १७५४ साली लंडनच्या टॉमस चिपेंडेल या सुताराने आपल्या नमुन्यांचे पुस्तक छापले. त्याच्या आरंभी खुर्च्या नाहीत की मेजे नाहीत. आहेत ते प्राचीन पद्धतीचे पाच स्तंभ आणि त्यांची प्रमाणे. आधी प्रमाण, मग वस्तू, हा क्रम त्याला महत्त्वाचा वाटला असावा.

पुण्याच्या सुताराकडे असे पुस्तक नव्हते. त्याने फळी मोजली. ती १४२ सेंटीमीटर लांब आणि ३७ सेंटीमीटर रुंद भरली. एका टोकाला चीर होती आणि एका कडेने खिळ्यांची छिद्रे होती.

"काका, एवढीच्या एवढी लांबी घेऊ या," पुतण्या म्हणाला. "चीर भरून टाकता येईल."

सुताराने फळीवर ओले फडके फिरविले आणि तो स्वस्थ बसून राहिला. पृष्ठभाग वाळला, पण चिरेत शिरलेले पाणी राहिले. डोळ्यांना ९ सेंटीमीटर दिसणारी चीर आता ११ सेंटीमीटरपर्यंत काळ्या रेघेसारखी उमटली. "भरलेली चीर पुन्हा उघडते. एवढे टोक सोडलेच पाहिजे," तो म्हणाला. लांबी १३० वर आली.

रुंदीचा प्रश्न फळीने नव्हे, बोळाने सोडविला. बोळ १२० सेंटीमीटर रुंद होता. मेज ३७ सेंटीमीटरचे केले असते, तर हातात घागर घेऊन जाणाऱ्याचे कोपर त्याला लागले असते. ३२ सेंटीमीटर ठेवले म्हणजे ८८ सेंटीमीटर वाट मोकळी राहत होती, आणि खिळ्यांची छिद्रेही निघून जात होती. उंची ८० सेंटीमीटर ठरली. जेवणाचे मेज सुमारे ७५ सेंटीमीटर उंच असते, कारण त्यापाशी बसावयाचे असते. येथे उभ्या उभ्या किल्ल्या किंवा पत्रे ठेवावयाची होती.

१३० ला ८० ने भागले तर उत्तर १.६२५ येते. भूमितीत सुवर्णप्रमाण म्हणून प्रसिद्ध असलेला आकडा सुमारे १.६१८ आहे. सुताराने तो योजून आणला नव्हता. चीर आणि बोळ यांनीच त्याला तेथे आणून सोडले. शिवाय या आकड्याशी मेळ बसला म्हणजे वस्तू सुंदर झालीच, असेही नाही.

याचा प्रत्यय लवकरच आला. खोक्याच्या पट्ट्या आणि पुठ्ठा जोडून सुताराने मेजाचा पूर्ण मापाचा नमुना उभा केला. पाय पुतण्याच्या इच्छेप्रमाणे ७ सेंटीमीटर जाडीचे ठेवले होते. दोघे दहा पावले मागे सरले. पुतण्या बराच वेळ पाहत राहिला. "हत्ती उभा आहेसा वाटतो," अखेर तो हसून म्हणाला.

मग पाय बारीक करावयाचे, पण किती? पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढतात आणि पायात खाच पाडून ते आत बसवितात. पट्टी २ सेंटीमीटर जाड असेल, तर कुसू तिच्या तिसऱ्या हिश्श्याचे, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर जाडीचे ठेवतात. प्रत्येक पायात दोन बाजूंनी दोन कुसे शिरतात आणि आत भेटतात. पाय फारच बारीक असला तर खाचेभोवती लाकूडच उरत नाही. दिसायला नाजूक मेज पहिल्याच धक्क्याला मोडते. म्हणून वरच्या अंगाला, जेथे सांधा आहे तेथे, पाय ४.५ सेंटीमीटर जाड ठेवला आणि पट्टीच्या खालून उतरता करीत तळाशी २.५ वर आणला. हा उतारही केवळ आतल्या दोन बाजूंना दिला. बाहेरच्या बाजूही तासल्या तर पाय आत वळल्यासारखे दिसतात.

फळी रंधून २.५ सेंटीमीटर जाड राहिली. ती आणखी पातळ करणे सुताराच्या जिवावर आले. त्याने तिची खालची कड तिरपी तासली. त्यामुळे पुढून कड बारीक दिसू लागली, आणि फळीची जाडी आतून तशीच राहिली.

"आता सरस लावून फळी पक्की चिकटवू या," पुतण्या म्हणाला.

"पावसाळ्यात दारे घट्ट का होतात रे?" सुताराने विचारले.

लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र निश्चित. ३२ सेंटीमीटरची फळी वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होते. तिला पट्ट्यांशी चिकटवून जखडले तर ती उन्हाळ्यात मधोमध तडकण्याचा संभव असतो. म्हणून आडव्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला खाच पाडून तीत लाकडी गुटके अडकवितात आणि ते स्क्रूने फळीला खालून धरतात. फळी गच्च बसते, तरी सरकण्यास तिला जागा राहते.

असे आठ गुटके हवे होते. सुताराने कोपऱ्यात ठेवलेले चिरेचे टोक उचलले. चिरेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड निर्दोष होते. आठही गुटके त्यातूनच निघाले, आणि ते पुतण्याने स्वतः कापले.

मेज बोळात उभे राहिले, तेव्हा सुताराने पुढची कड धरून हलकेच खाली दाबून पाहिली. अरुंद आणि उंच वस्तूला लहान मूल लोंबकळले तर ती पुढे कलंडू शकते. त्याने मागच्या पट्टीतून दोन स्क्रू भिंतीत घट्ट बसविले, आणि मगच घरातल्या माणसांना बोलाविले.