पहिली पंगत की दुसरी?

वाचकहो, गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. सोबत त्यांची पत्नी होती. रक्तदाब तपासून झाला, साखरेचा रिपोर्ट पाहून झाला, तरी गुरुजी उठेनात. शेवटी त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, "डाक्टरांनू, हेच्यात लिवलेला आसा, पयली पंगत काय दुसरी. आमी खयची धरूची?"

गुरुजींचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. आई-वडिलांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली म्हणून त्याने साऱ्या कुटुंबाची मोठ्या बोटीची सहल ठरवली होती. आजी-आजोबा, मुलगा-सून, अकरा वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. रात्रीचे जेवण साडेसहाला हवे की साडेआठला, एवढे आगाऊ कळवायचे होते. मुलगा म्हणे दुसरी पंगत, सून म्हणे पहिली. वाद दवाखान्यापर्यंत आला.

प्रश्न ऐकून मला आधी हसू आले. मग लक्षात आले, की हा प्रश्न बोटीचा नाहीच. लग्नकार्यात, जत्रेत, चतुर्थीला आणि रोजच्या रात्री आपल्या प्रत्येक घरात हा प्रश्न असतो. फक्त तो कोणी विचारत नाही. म्हणून आजचा लेख यावरच.

बोटीवरची रीत

आमच्या लहानपणी मुंबईहून चाकरमानी बोटीने मालवणला येत. बोट बाहेर समुद्रात उभी राही आणि लहान होड्यांतून माणसे धक्क्याला लागत. त्या बोटीवर जेवणाची वेळ निवडण्याची चैन नव्हती. घरून आणलेल्या डब्यातले खायचे आणि समुद्र खवळला तर तेही नाही. ती जुनी बोटसेवा बंद पडून बरीच वर्षे झाली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' या बोटीने मुंबई-गोवा प्रवासाला पुन्हा सुरुवात केली. २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'ची मोठी बोट मुंबईहून सहली नेऊ लागली. आता आपल्याकडची मंडळीही हौसेने अशा सहलींना जातात.

अनेक मोठ्या बोटींवर भोजनगृहात सारे प्रवासी एकाच वेळी मावत नाहीत. म्हणून दोन पंगती ठेवतात. पहिली साधारण सहा-साडेसहाची, दुसरी आठ-साडेआठची. एकदा निवडली की रोज तेच टेबल आणि तीच वेळ. पदार्थ एकामागून एक येतात, त्यामुळे जेवण तास-दीड तास चालते. म्हणजे पहिल्या पंगतीचा माणूस आठला हात धुतो, तर दुसरीचा दहाला. हे दोन तास कोणाला किती महाग पडतात, ते आता पाहू.

पोटाचे घड्याळ

पाणी, सरबत यांसारखे पातळ पदार्थ जठरातून लवकर पुढे सरकतात. डाळ-भात, भाजी-चपाती पुढे जायला तीन-चार तास लागतात. तेला-तुपाचे आणि खोबऱ्याच्या वाटपाचे जेवण त्याहून अधिक वेळ रेंगाळते. कोंबडी-वडे खाऊन लगेच आडवे झालेल्या माणसाला रात्री एक वाजता घशाशी आंबट का येते, याचे उत्तर इथे आहे.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक झडप असते. आपण बसलेले किंवा उभे असताना जठरातले आम्ल खालीच राहते. भरल्या पोटी आडवे झालो आणि झडप सैल असली, तर ते वर चढते. छातीत जळजळ, घशात कडू पाणी आणि रात्रीचा कोरडा खोकला, ही सगळी त्याचीच रूपे. म्हणून आम्लपित्ताच्या रुग्णाने जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली वीट सरकवावी आणि डाव्या कुशीवर झोपावे. गुरुजी दहा-अकराला झोपणारे आणि आम्लपित्ताचे जुने रुग्ण. त्यांच्यापुरते उत्तर पहिल्या पंगतीचे होते.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. जेवणानंतर छातीत दुखले की 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन पडून राहण्याची आपल्याकडे सवय आहे. छातीवर दाब, सोबत घाम आणि दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अशी लक्षणे असतील तर ते हृदयविकाराचे असू शकते. सोडा पिऊन वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

रात्री उशिरा जेवण्याचा आणखी एक तोटा असतो. अंधार पडला की शरीर झोपेची तयारी करू लागते आणि स्वादुपिंड मंदावते. तोच भात, तेवढाच भात सकाळी खाल्ला तर साखर जितकी वाढते, त्यापेक्षा रात्री जास्त वाढते. अमेरिकेत बॉस्टन येथे २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच जेवण एकदा नेहमीच्या वेळी आणि एकदा चार तास उशिरा दिले. उशिरा जेवताना त्यांना दिवसभर भूक अधिक लागली आणि शरीराने ऊर्जा कमी खर्च केली. माणसे थोडी होती, पण अनुभव आपलाच आहे. उशिरा जेवणारा कमी खातो असे मुळीच नाही.

गोळी घड्याळाची नव्हे, ताटाची

गुरुजींच्या पत्नी मधुमेही आहेत. त्यांना ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पाठोपाठ अन्न आले तर ठीक. अन्न आले नाही तर रक्तातली साखर खाली घसरते. जेवणाआधी घ्यायच्या इन्शुलिनचेही तसेच. नुसत्या मेटफॉर्मिनने हा धोका सहसा नसतो. म्हणून आपली गोळी कोणत्या जातीची, हे प्रत्येक मधुमेही माणसाने डॉक्टरांना विचारून घ्यावे.

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या आईला अशीच गोळी चालू होती. चिठ्ठीवर मी माझ्या हाताने लिहिले होते, 'रात्री ८ वाजता, जेवणाआधी.' एका चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेले होते. आरती लांबली, मग भजनी मंडळ आले. त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा देता देता साडेदहा वाजले. आईने गोळी मात्र बरोबर आठला घेतली होती. मुलाने लिहून दिले होते ना! दोनदा मी तिला म्हटले, "आई, जेवून घे." ती म्हणाली, "आदी सगळ्यांचा होवंदे." मीही बाहेर जाऊन पंगतीत बसलो.

अकराच्या सुमारास ती चुलीजवळ भिंतीला टेकून बसलेली सापडली. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते आणि मला ती माझ्या मामाच्या नावाने हाक मारत होती. दमली असेल, असे बायकांना वाटले. यंत्रावर साखर ४४ निघाली. ७० च्या खाली गेली की धोका समजायचा असतो. अजून गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी दिले, नंतर भात भरवला आणि रात्रभर उशाशी बसून साखर तपासत राहिलो. ती वाचली. पण मी डॉक्टर असून माझ्याच घरातली शेवटची पंगत मला दिसली नव्हती. त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर वेळ लिहीत नाही. 'ताट समोर आल्यावर, पहिल्या घासाआधी' असे लिहितो.

साखर उतरल्याची लक्षणे घरातल्या सर्वांना ठाऊक हवीत. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. गोड कोकम सरबत चालेल. सोलकढी चालणार नाही, कारण तिच्यात साखर नसते. काजू किंवा चॉकलेटही उपयोगाचे नाही, त्यातली चरबी साखरेला उशीर करते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावे आणि मग जेवण द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून वयस्कर माणसाला बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

मुलांची भूक

चार वर्षांचे मूल साडेआठला झोपेला आलेले असते. त्याला दुसऱ्या पंगतीला बसवले तर दोनच गोष्टी होतात. एक तर ते वाट पाहताना वेफर्स आणि बिस्किटांनी पोट भरते, नाहीतर ताटावरच पेंगते. मग रात्री दोनला उठून भूक-भूक करते. मूल 'जेवत नाही' ही तक्रार घेऊन माझ्याकडे आया येतात, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, की तुम्ही त्याला कितीला वाढता? पुष्कळदा औषध त्या उत्तरातच असते.

दुसरी पंगत कोणाला चालेल?

गुरुजींच्या मुलाची बाजूही खोटी नव्हती. फोनवर तो म्हणाला, "डॉक्टर, आम्ही दुपारी दोनला जेवणार, पाचला चहा-फराळ. साडेसहाला भूक कशी लागेल? आणि अकराला पुन्हा लागली तर?" हे खरे आहे. लवकर जेवायचे आणि मध्यरात्री पुन्हा ताट भरायचे, यापेक्षा दुसरी पंगत बरी. धडधाकट माणसे, मोठी मुले आणि बारानंतर झोपणारे यांनी साडेआठला जेवले तर आभाळ कोसळत नाही. मात्र हात राखून जेवावे आणि जेवल्यावर डेकवर अर्धा तास चालावे.

पहिली पंगत निवडली तर दुपारचे जेवण साडेबारा-एकला आणावे आणि चहाबरोबरचे तळलेले बंद करावे. मधुमेही माणसाला आणखी एक काळजी घ्यावी लागते. संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेआठ म्हणजे चौदा तास झाले. तेव्हा झोपण्यापूर्वी कपभर दूध किंवा एखादे फळ घ्यावे का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

बोट लागणाऱ्यांसाठीही दोन शब्द. रिकामे पोट आणि तुडुंब पोट, दोन्हींनी मळमळ वाढते. हलके, कमी तेलाचे जेवावे, डेकवर मोकळ्या वाऱ्यात बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. उलटीची गोळी बोट हलू लागल्यावर नव्हे, तर अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. ती झोप आणते. लघवीचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्या वृद्धांनी ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

सर्वांत नाजूक पोट

मग निर्णय कसा करावा? माझा नियम साधा आहे. घरात जे पोट सर्वांत नाजूक, त्याची वेळ ती सर्वांची वेळ. गुरुजींच्या घरात नाजूक पोटे तीन होती, आम्लपित्ताचे, मधुमेहाचे आणि चार वर्षांचे. तिघांचेही उत्तर एकच येत होते.

हे मी सांगत होतो तेव्हा बाई मध्येच म्हणाल्या, "माजा काय, तुमी सगळे जेवलास की मी जेवतलंय." पंचेचाळीस वर्षांची सवय बोलत होती! मी गुरुजींना म्हटले, "बोटीवर वाढायला वेगळी माणसे आहेत. तिथे शेवटची पंगत नाही. पण परत आल्यावर काय करणार?" गुरुजी काही बोलले नाहीत.

परवा दोघे पुन्हा तपासणीला आली. सहल छान झाली होती. मी विचारले, आता घरी जेवण कितीला? गुरुजी म्हणाले, साडेसातला. भात, आमटी, भाजी सगळे मध्ये ठेवतात आणि ज्याने त्याने आपले वाढून घ्यायचे. बाईंच्या वहीत रात्रीच्या साखरेचे आकडे सरळ झालेले दिसत होते. बाई हळूच म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून पयल्यांदाच मी पयल्या पंगतीक बसतंय."

वाचकहो, बोटीची सहल प्रत्येकाला जमेल असे नाही. पण आज रात्री आपल्या घरात शेवटी कोण जेवते आणि कितीला, एवढे जरूर पाहा. ती व्यक्ती गोळी कधी घेते, तेही विचारा. आणि तिचे ताट आपल्या ताटाबरोबरच मांडा.