शास्त्राभ्यास : लामालेराचे देवमासे

वाचावयाचे भाग : मत्तय ५ : २१-२६, प्रेषितांचीं कृत्यें ६ : १-६.

योनाच्या पुस्तकांत मोठ्या माशाचा उल्लेख आहे. तो देवमासाच होता असें त्या पुस्तकांत सांगितलेलें नाहीं. वर्गांत हा प्रश्न हटकून निघतो, म्हणून आरंभींच सांगून टाकितों. आजचा विषय निराळा आहे.

इंडोनेशियाच्या पूर्वभागीं लेंबाटा बेटावर लामालेरा नांवाचें गांव आहे. तेथील जमीन खडकाळ व पीक थोडें. म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या देवमाशाच्या शिकारीवर जगत आले. भालाईत होडीच्या टोंकावरून उडी घेऊन, आपल्या देहाच्या भारानें, लांब बांबूस बसविलेला लोखंडी भाला माशाच्या पाठींत रोवितो. निळ्या देवमाशास मात्र ते मारीत नाहींत. त्यानें आपल्या पूर्वजांस समुद्रांत तारिलें अशी त्यांची समजूत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमन मिशनऱ्यांच्या द्वारें तेथें ख्रिस्ती धर्म गेला. आतां दर वर्षीं १ मे रोजीं किनाऱ्यावर उपासना होऊन होड्यांस आशीर्वाद मिळतो, आणि तत्पूर्वीं समुद्रांत बुडालेल्यांचें स्मरण करितात.

परंतु उपासनेच्याही आधीं एक गोष्ट व्हावी लागते. घरांत कलह असेल, भावाभावांत तंटा असेल, तर शिकार साधत नाहीं व भालाईतावर संकट येतें, अशी तेथें पक्की श्रद्धा आहे. म्हणून हंगामापूर्वीं भांडणें मिटवितात. आणि समुद्रांत अपयश आलें तर दोष घरीं शोधितात. ह्या श्रद्धेंत जुन्या भयाचा अंश आहे खरा. पण आमच्याकडे बांधाच्या तंट्यावरून वर्षभर अबोला धरिलेले दोघे भाऊ एकाच प्रभुभोजनास बसतात, आणि त्यांस भयही वाटत नाहीं! लामालेराच्या नावाड्यांस हसण्यापूर्वीं हें आठवावें.

मासा सांपडला म्हणजे वांटणी ठरलेली असते. होडीचे भागीदार, सुतार, लोहार, भालाईत, नावाडी, ज्याचा त्याचा वांटा. पुढें तें मांस नात्यागोत्यांतून विधवांच्या घरींही पोंचतें. बायका तें डोक्यावर घेऊन डोंगरांतल्या गांवीं जातात व त्याच्या बदल्यांत मका आणितात.

शिक्षकांनीं वर्गांत हे प्रश्न विचारावे :
वेदीपाशीं अर्पण ठेवून प्रथम कोठें जावयाचें, आणि कोणीं?
यरुशलेमांत कोणाच्या विधवा उपेक्षिल्या जात होत्या? त्यांच्यासाठीं किती जण निवडिले?
आपल्या मंडळींत सुगीच्या वेळीं कोणाच्या घरीं कांहींच पोंचत नाहीं?